खांदा बसला, पण बरा झाला का?

हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो होतो तेवढं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका फोनवरून सुरू झाला. माझा आतेभाऊ अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय १९. कबड्डी खेळतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. लातूर-नांदेडकडे या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच पोराच्या वाट्याला येतात. दिवाळीनंतरच्या एका स्पर्धेत चढाई करताना त्याने हात लांब टाकला, समोरच्या कोपरारक्षकाने तोच दंड धरून मागे ओढला, आणि खांदा निखळला. गर्दीतल्या एका जाणत्या माणसाने जागेवरच बसवून दिला. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं. गळ्यात हात अडकवून तीन आठवडे घरी बसला. मग मला फोन.

"दादा, आता काहीच दुखत नाही बघ. सोमवारपासून गोळा फेकायलो."

मी म्हणलं, थांब.

"का? बसलाय की खांदा."

या 'का'चं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. अनुभव मात्र होता. माझा स्वतःचा उजवा खांदा तीन वेळा निखळलाय. पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या मैदानावर. तेव्हा मलाही झोळी बांधून 'तीन आठवडे हलवू नको' एवढंच सांगितलं गेलं. त्यानंतर काय करायचं, हे ना कुणी सांगितलं, ना मी विचारलं. दुसऱ्यांदा खेळताना गेला. तिसऱ्यांदा तर झोपेत कूस बदलताना. मग मी कबड्डी सोडली. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाचं त्यावाचून काही अडत नाही.

त्याचं अडतं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. म्हणजे १५ गुण थेट खांद्यावर. एकेका गुणाने यादीतून नाव जातं तिथे १५ गुण म्हणजे काय, हे या भागातल्या कुठल्याही घरात विचारा.

म्हणून मी त्याच्या 'का'चं उत्तर शोधायला बसलो, आणि शोधता शोधता तीन हजार वर्षं मागे गेलो. आजचा भाग त्याबद्दल. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. तुमचा खांदा निखळला असेल तर हा एपिसोड ऐकून थांबू नका, दवाखान्यात जा.

लिंबू आणि चमचा

शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत सगळ्यांनी केलीय. खांद्याचा सांधा जवळपास तसाच आहे. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल, लिंबासारखं. ते ज्या खळग्यात बसतं तो खळगा चमच्यासारखा उथळ. कुठल्याही क्षणी त्या गोळ्याचा तिसरा-चौथा हिस्साच खळग्याला टेकलेला असतो. खुब्याचा सांधा बघा, तिथे गोळा खोल वाटीत रुतून बसलेला असतो, म्हणून तो सहजी निखळत नाही. पण म्हणूनच पाय हातासारखा सगळीकडे फिरवताही येत नाही. खांद्याने हालचाल मिळवली आणि त्याची किंमत पकडीत मोजली. मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच.

मग लिंबू पडत का नाही? दोन गोष्टींमुळे. पहिली, चमच्याच्या कडेने एक कुर्चेची किनार असते. तिच्यामुळे खळगा थोडा खोल होतो, आणि सांध्याला बांधून ठेवणारे बंध तिलाच चिकटलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे स्नायू. चार छोटे स्नायू गोळ्याभोवती बाहीसारखे गुंडाळलेले असतात आणि हात हलला की ते गोळा खळग्यात दाबून धरतात. किनार फाटली की ती व्यायामाने परत चिकटत नाही. स्नायू मात्र व्यायामाने सुधारतात. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

बहुतेक खांदे पुढच्या बाजूला निखळतात, आणि तेही हात बाजूला वर उचललेला आणि मागे वळलेला असताना. चढाईत टाकलेला हात मागे ओढला गेला की हेच होतं. कुस्तीत हात अडकून कोणी खाली दाबलं तरी हेच.

बसवण्याची विद्या

खांदा बसवणं माणसाला फार पूर्वीपासून जमतं. इजिप्तमध्ये लक्सरजवळ इपुई नावाच्या शिल्पकाराची कबर आहे, दुसऱ्या रामसेसच्या काळातली, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर बांधकामावरच्या अपघातांची चित्रं आहेत. त्यात एक जण जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात कोपरात वाकवून धरून बसलाय. १८७० साली स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखरने खांदा बसवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. याच कोखरला पुढे १९०९ साली थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याची पद्धत आणि कबरीवरचं चित्र यांत इतकं साम्य आहे की कोखरची पद्धत तीन हजार वर्षं जुनी आहे, असं डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय.

ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर 'सांध्यांविषयी' हा ग्रंथ आहे. काखेत चेंडू ठेवायचा, त्यावर टाच रोवायची आणि हात ओढायचा, अशी रीत त्यात सांगितलीय.

आणि आपल्याकडे सुश्रुत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांवर एक अख्खा अध्याय आहे. खांद्यासाठी तिथे मुसळ सांगितलंय. काख मुसळाने वर उचलायची, सांधा जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधायची. आपल्या गावचा हाडवैद्य ही परंपरा कुठून शिकला हे सांगता यायचं नाही. पण हात कसा धरायचा, कुठे टेकू द्यायचा, हे हातात मुरलेलं ज्ञान खोटं नाही. आतेभावाचा खांदा त्या माणसाने बसवला, ही वस्तुस्थिती आहे.

तरी एक सांगून टाकतो. खांद्याबरोबर कधी कधी हाडाचा तुकडाही मोडलेला असतो. काखेतून जाणारी एक नस दबलेली असते. मग दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शर्टावर बिल्ला लावतात तेवढ्या भागात, बधिरपणा येतो. एक्स-रे न बघता ओढाताण केली तर मोडकं हाड आणखी सरकू शकतं. त्यामुळे मैदानावर करायचं ते एवढंच: हात आहे तसा अंगाशी टेकवून दस्तीने किंवा ओढणीने बांधा, बोटं गरम आहेत का, संवेदना आहे का ते बघा, आणि दवाखाना गाठा. ओढू नका.

दोन जुन्या नोंदी

आता गंमत बघा. बसवल्यानंतर काय, हा प्रश्नही जुनाच आहे.

हिपोक्रेटिसच्या त्याच ग्रंथात वारंवार निखळणाऱ्या खांद्याबद्दल वेगळं लिहिलंय. त्याचा आशय असा: चांगले खेळू शकणाऱ्या कितीतरी माणसांना या एका दुखण्यापायी आखाडा सोडावा लागला, आणि कितीतरी जण याच कारणाने लढाईत कमी पडून मेले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस जणू भरतीतून बाद झालेल्या पोरांबद्दलच लिहितोय. त्यावरचा त्याचा उपाय मात्र अंगावर काटा आणणारा होता. लाल केलेल्या लोखंडाने काखेतली कातडी डागायची, म्हणजे व्रण आवळून सांधा घट्ट होईल. पण तोच ग्रंथ असंही सांगतो की बसवलेला खांदा मऊ हाताने, हळुवार चोळावा, आणि वैद्याला ही मालिशीची विद्या यायला हवी.

दुसरी नोंद सुश्रुताची. सांधा घट्ट व्हायला किती काळ लागतो, याचा हिशोब त्याने वयावरून दिलाय. तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. वाचल्यावर वाटतं, बरोबरच आहे की. आपली आजीही हेच म्हणते: तरणं रक्त आहे, लवकर भरून येईल. आतेभावाच्या मनातला हिशोबही हाच होता. तीन आठवडे झाले, दुखायचं थांबलं, म्हणजे काम संपलं.

भरून येण्याच्या वेगाबद्दल हे खरं असेल. पण भरून आल्यावर टिकतं का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

फाटलेली किनार

१८९५ साली रोंटगेनला क्ष-किरण सापडले आणि निखळलेला खांदा पहिल्यांदा कातडीच्या आत दिसू लागला. पण एक्स-रेत हाड दिसतं, किनार दिसत नाही. ती बघायला खांदा उघडावा लागला. १९०६ मध्ये जर्मनीच्या पेर्थेसने आणि १९२३ मध्ये लंडनच्या ब्लंडेल बँकार्टने दाखवून दिलं की वारंवार निखळणाऱ्या खांद्यात खळग्याच्या पुढच्या कडेची ती किनार हाडापासून सुटलेली असते आणि आपोआप जागेवर चिकटत नाही. लिंबू परत चमच्यात ठेवलं, पण चमच्याची एक बाजू सपाट झालेली. आजही एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'बँकार्ट' हा शब्द येतो तो इथून. १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी दुसरी बाजू मांडली. निखळताना गोळा खळग्याच्या कडेवर आपटतो आणि गोळ्यालाच मागून खड्डा पडतो.

मग १९५६ साली बोस्टनच्या कार्टर रो या डॉक्टरांनी ५०० निखळलेल्या खांद्यांचा पाठपुरावा करून निकाल मांडला. विशीच्या आतल्या रुग्णांमध्ये दहापैकी आठांहून जास्त खांदे पुन्हा निखळले होते. चाळिशीच्या पुढे दहात जेमतेम एक-दोन.

हा आकडा मी दोनदा वाचला. आपण जे धरून चाललो होतो त्याच्या बरोबर उलट. वय जितकं कमी, तितका खांदा पुन्हा जाण्याचा धोका जास्त. कारण तरुण शरीरात बंध मजबूत असतात, ते मधे तुटण्याऐवजी किनारीला हाडापासून उपटून काढतात. शिवाय पन्नाशीचा माणूस परत कबड्डीच्या मैदानात उतरत नाही, एकोणिसाव्या वर्षीचा पोरगा सोमवारीच उतरतो.

रो यांचा आकडा ऐकून घाबरायचंही कारण नाही. स्वीडनमध्ये लेनार्ट होव्हेलियस आणि सहकाऱ्यांनी १९७८-७९ पासून २७ रुग्णालयांमधल्या १२ ते ४० वयाच्या रुग्णांचे २५७ खांदे तब्बल २५ वर्षं तपासले. २००८ मध्ये त्याचा निकाल आला. १२ ते २५ या वयात पहिल्यांदा निखळून शस्त्रक्रियेशिवाय उपचार झालेले साधारण निम्मे खांदे एक तर पुन्हा निखळलेच नाहीत किंवा काळाबरोबर स्थिर झाले. आणि एक महत्त्वाची गोष्ट कळली. काहींचा हात तीन-चार आठवडे बांधून ठेवला होता, काहींना दुखणं कमी होताच हलवू दिलं होतं. पुढे निखळण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

म्हणजे 'तीन आठवडे हलवू नको' हे जे मला सांगितलं होतं, ते दुखणं कमी करण्यापुरतं ठीक होतं. खांदा वाचवण्याचा उपाय म्हणून ते पुरेसं नव्हतं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर रीस्टार्ट केला, चालू झाला, आणि बिघाड शोधायचा राहूनच गेला.

चिखलाच्या गोळ्यापासून दगडापर्यंत

मग उरतात ते स्नायू. त्यांचा इतिहास मला सगळ्यात आवडला.

सुश्रुताच्या त्याच अध्यायात तळहाताचं हाड मोडलेल्या माणसासाठी एक सूचना आहे. आधी हातात मऊ मातीचा गोळा धरायला द्यायचा, मग त्याहून कठीण वस्तू, आणि ताकद आली की दगड. वजन टप्प्याटप्प्याने वाढवायचं, ही आजच्या फिजिओथेरपीची मूळ कल्पना दोन ओळींत सांगून तो पुढच्या हाडाकडे वळतो.

आखाड्यातही हेच चालायचं. नव्या पोराच्या हातात वस्ताद पहिल्याच दिवशी मोठा मुद्गल देत नाही. हलका, मग जड, मग दोन. एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजेने हे मुद्गल इथे बघितले आणि विलायतेला नेले. तिकडे 'इंडियन क्लब' नावाने त्यांचं एवढं वेड पसरलं की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धा झाली. पण थांबा, लगेच अडगळीतून मुद्गल काढू नका. मुद्गल डोक्यामागे जातो तेव्हा खांदा नेमका निखळण्याच्या स्थितीत असतो. तो व्यायाम शेवटच्या टप्प्यातला आहे.

युरोपात व्यायामाला उपचार म्हणून शिस्त आली ती स्वीडनच्या पेर हेनरिक लिंगमुळे. हा तलवारबाजीचा शिक्षक. त्याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली. १८९४ मध्ये लंडनला चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संघटना उभी केली. तीच पुढे ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची संस्था झाली. पहिल्या महायुद्धाने हजारो जायबंदी सैनिक परत पाठवले आणि या कामाला एकदम मागणी आली. बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने खांद्यासाठी एक साधा व्यायाम रूढ केला. कमरेत वाकायचं, हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. आजही खांद्याच्या रुग्णाला सुरुवातीला हाच देतात.

मोजमाप आलं दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म स्वतः वजन उचलायचे. तोपर्यंत दुखऱ्या स्नायूला हलका व्यायाम खूप वेळा द्यायची रीत होती. डिलॉर्मनी उलटं केलं, जड वजन आणि कमी वेळा. १९४५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे त्याचा ठरलेला हिशोब झाला: दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन शोधायचं, मग त्याच्या निम्म्याने दहा, पाऊणपटीने दहा, पूर्ण वजनाने दहा. ताकद वाढली की वजन पुन्हा मोजायचं. जिममध्ये आज आपण 'तीन सेट, दहा रेप्स' म्हणतो, ते लष्करी दवाखान्यातल्या या कामातून आलंय.

मुंबईहून मराठवाड्यात

भारतात हे शास्त्र आलं ते पोलिओमुळे. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभं करायला प्रशिक्षित माणसं नव्हती. म्हणून १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, देशातली पहिली.

तेव्हा आपण कुठे होतो? नांदेड आणि आजचं लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मराठवाड्यातलं पहिलं सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला निघालं. मग सत्तरच्या दशकात अंबाजोगाई. नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. म्हणजे लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज माझ्याहून थोडंसंच लहान आहे. त्याआधीच्या पिढ्यांमध्ये माळेगावच्या जत्रेतल्या दंगलीत कुणाचा खांदा गेला, तर हाडवैद्य, करडईच्या तेलाची मालिश, आंबेहळदीचा लेप, आणि पुन्हा माती. टिकला तर पैलवान, नाही टिकला तर शेती.

लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० साली एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले, पुढे रुस्तम-ए-हिंद झाले. पण तयार व्हायला त्यांना कोल्हापूरला जावं लागलं. नंतर पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी जी पोरं घडवली, त्यांत बीडचा राहुल आवारे होता. २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत खेळलेला लातूरचा शैलेश शेळके हाही पुण्यातल्या काका पवारांच्या तालमीतला, आणि काका पवार स्वतः लातूरकडचेच. ताकद इथली, तालीम बाहेरची, ही आपली जुनी रीत. तालमीबरोबर दुखापतीनंतरची काळजीही बाहेरच मिळायची. जो जाऊ शकला नाही त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

आता तसं नाही. लातुरात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, दोन्ही शहरांत फिजिओथेरपिस्ट आहेत. तरीही आमच्या गावाकडे 'फिजिओ' म्हणजे म्हाताऱ्यांच्या गुडघ्याला शेक देणारा, असाच समज आहे. खांदा बसला की तिकडे जायचं कशाला?

दोन अकादम्या

जायचं का, याचं उत्तर मला अमेरिकेतल्या दोन लष्करी अकादम्यांत मिळालं. तिथली पोरं आपल्या भरतीवाल्यांच्याच वयाची.

ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत खांदा पहिल्यांदा निखळलेल्या २० जणांकडून कडक व्यायाम करून घेतला गेला. ताकद पूर्ण परत आल्याशिवाय मैदानात सोडलंच नाही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार चारपैकी तिघांचे खांदे टिकले. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा निकाल आला. तिथे महिनाभर बांधून मग व्यायाम दिलेल्या १५ पैकी १२ जणांचा खांदा पुन्हा निखळला, तर दुर्बिणीतून किनार शिवलेल्या २१ पैकी फक्त तिघांचा.

दोन्ही अभ्यास छोटे आहेत. पण ते एकत्र ठेवले की चित्र दिसतं. व्यायाम जादू नाही, फाटलेली किनार तो शिवत नाही. धक्काबुक्कीचा खेळ खेळणाऱ्या तरुणाला कधी कधी शस्त्रक्रियेचा विचार पहिल्याच वेळी करावा लागतो, आणि तो निर्णय एमआरआय बघून अस्थिरोगतज्ज्ञाने घ्यायचा. पण शस्त्रक्रिया झाली तरी पुढचे महिने व्यायामाचेच असतात.

श्रेयस अय्यर आठवतोय? २३ मार्च २०२१, पुण्याजवळ गहुंजेचं मैदान, इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना. चेंडू अडवायला झेप घेतली आणि डावा खांदा अर्धवट निखळला. ८ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा आयपीएल खेळला ते २२ सप्टेंबरला. फिजिओ, ट्रेनर, सगळं हाताशी असलेल्या खेळाडूला साडेपाच महिने लागले. नोव्हेंबरमध्ये कानपूरला त्याने कसोटी पदार्पणात शतक ठोकलं.

आणि आमचा गडी तीन आठवड्यांत गोळा फेकायलाय.

भिंत

मी त्याला हे सगळं सांगितलं. आकडे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे ही भरती गेली."

मी 'नाही' म्हणू शकलो नाही. आत्याने फोन घेतला आणि मला दोन शब्द सुनावले, पोराला घाबरवतोस म्हणून. तिचंही चूक नाही. घरातला एक हंगाम, खोलीचं भाडं, अकादमीची फी, सगळं त्या तारखेवर लागलेलं होतं.

शेवटी तो नांदेडला गेला. एमआरआय झाला. किनार थोडी सुटलेली होती, हाडाची झीज नव्हती. डॉक्टरांनी आधी व्यायाम, मग पुन्हा तपासणी, असं ठरवलं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्याला पायऱ्या लिहून दिल्या. त्या त्याच्यासाठी होत्या, पण साधारण क्रम सगळीकडे सारखाच असतो.

सुरुवातीला लंबकासारखा हात झुलवणं, मनगट-कोपर हलतं ठेवणं, आणि पाठीमागचं खांद्याचं फावडं मागे आवळायला शिकणं. हात बाजूला वर करून मागे वळवायचा नाही, म्हणजे नेमकी गोळा फेकायची स्थिती बंद. मग भिंतीला हात लावून ढकलायचं. सांधा हलत नाही, स्नायू मात्र काम करतो. मग रबरी पट्टा. मग हलकं वजन. मग भिंतीवर दंड, जमिनीवर दंड. मग चेंडू भिंतीवर मारून झेलणं, पडायचा सराव, आणि सगळ्यात शेवटी खेळ.

पुढच्या पायरीवर कधी जायचं, हे कॅलेंडर एकटं ठरवत नाही. दुखऱ्या हाताची ताकद चांगल्या हाताच्या जवळपास आली का, हालचाल पूर्ण आहे का, आणि हात मागे नेताना चेहऱ्यावर भीती येते का, हे बघतात. ही भीती खरी खूण आहे. माझ्या खांद्याने मला कितीतरी वेळा तशी सूचना दिली होती. मी तिला भित्रेपणा समजलो आणि दामटून खेळलो.

ती भरती त्याने सोडली. धावणं चालू ठेवलं, कारण १६०० आणि १०० मीटरचे ३५ गुण तरी पायांवर आहेत. परवा त्याचा फोन आला होता. तिसरा महिना चालू आहे, अजून गोळा हातात घेतलेला नाही.

"काय करायलास?" मी विचारलं.

"भिंत ढकलायलो. गावातली पोरं हसायलीत, दादा."

"हसू दे."

"हसू दे म्हणलं की मी बी. त्यातल्या एकाचा खांदा मागच्या वर्षी गेला होता. तो संध्याकाळी येऊन हळूच विचारून गेला, कसं करायचं म्हणून."

तुमच्या टीममध्ये, अकादमीत किंवा तालमीत असा एखादा असेलच. 'आता दुखत नाही' म्हणणारा. त्याला हा भाग पाठवा. आणि तुमचा स्वतःचा खांदा कधी गेला असेल, तर पुढे काय केलं ते मला कळवा. विशेषतः जे काही न करता परत मैदानात उतरले त्यांनी, कारण त्या यादीत पहिलं नाव माझंच आहे.

भेटू पुढच्या भागात.